कोंड्याला भाव आला तो असा

लहानपणी गिरणीतून दळण आलं की आई आधी चाळायला बसायची, चाळणीवर उरलेला कोंडा डब्यात आणि डबा शेजारच्यांच्या म्हशीला. आता तोच कोंडा मॉलमध्ये पाकिटात मिळतो, तोही पिठापेक्षा महाग! कोंड्याचा मांडा म्हणजे गरिबाघरची तडजोड, ती फॅशन कधी झाली?

कोंड्याला भाव आहे तो त्यातल्या फायबरमुळे, आणि मुळात फायबर मोजायला लागले तेच गुराढोरांच्या चाऱ्यासाठी. 1860 च्या दशकात जर्मनीत वेंडे नावाच्या गावी चाऱ्याचा नमुना आधी ॲसिडमध्ये मग अल्कलीत उकळायचे, उरेल तो 'क्रूड फायबर', म्हणजे अंगी न लागणारा चोथा. माणसांच्या आहारातही मग तो बिनकामाचाच धरला गेला. त्यात 1870 नंतर युरोप-अमेरिकेत रोलरच्या गिरण्या पसरल्या, कोंडा सफाईने बाजूला निघायला लागला आणि पांढरा पाव गरिबालाही परवडायला लागला.

खरा धुरळा उडवला डेनिस बर्किटने. हा आयरिश सर्जन, युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात होता, लहान मुलांच्या एका कॅन्सरला त्याचंच नाव आहे. त्याच्या लक्षात आलं की इंग्लंडमध्ये रोज दिसणारं अपेंडिक्स, आतड्याचा कॅन्सर, असलं काही तिथल्या खेड्यांत फारसं दिसतच नाही. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर क्लीव्ह आधीपासून साखर-मैद्याच्या नावाने ओरडत होता, बर्किटने ते उलटं करून बघितलं, म्हणजे खाण्यात काय आलं यापेक्षा काय गेलं, तर फायबर. मग पठ्ठ्याने लोकांना एक्स-रेत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला दिल्या आणि चक्क शी गोळा करून वजन केलं! 1972 साली छापलेले आकडे असे की युगांडातल्या खेडुताची रोजची 400 ग्रॅमच्या वर, ब्रिटिशांची जेमतेम 100 च्या आसपास, वर गोळ्या बाहेर पडायला दुपटीहून जास्त वेळ.

त्याचं सगळंच टिकलं असं नाही हं. 2000 साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये फायबर वाढवून आतड्यातले पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या बारीक गाठी, काही कमी झाले नाहीत. पण 2019 मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिवसाला 25 ते 29 ग्रॅम खाणाऱ्यांमध्ये हार्ट, डायबेटिस, आतड्याचा कॅन्सर हे सगळं कमी दिसलं, आणि 2023 मध्ये डब्ल्यूएचओनेही मोठ्या माणसांसाठी किमान 25 ग्रॅम सांगितलं. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम असतं, पॉलिश तांदळात 3 पण नाही.

आई अजूनही पीठ चाळतेच. फक्त शेजारी म्हैस राहिली नाही, त्यामुळे कोंडा ओल्या कचऱ्यात जातो.