चाळीस भागिले वीस: म्हाताऱ्या देशांचं गणित

२०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. तेव्हापासून लातूर-नांदेडकडं एक वाक्य सारखं कानावर पडतं: ‘ते देश म्हातारे झालेत, आपली पोरं तिकडं गेली की त्यांचं म्हातारपण मिटलं आणि आपली बेकारी मिटली.’ पोरांनी जरूर जावं. पण त्यांचं म्हातारपण मिटेल, हा हिशेब चुकतो आणि तो का चुकतो हे समजून घेण्यात फार मजा आहे.

देश म्हातारा होतो तो माणसं जास्त जगू लागल्यानं, असा सर्वसाधारण समज आहे. ते एक कारण खरंच, पण मोठं कारण म्हणजे पाळणे कमी हलतात. पिढी जेवढ्यास तेवढी राहायला एका बाईमागं सरासरी २.१ मुलं लागतात; या सरासरीला जननदर म्हणतात. जपानमध्ये ही सरासरी २०२३ साली १.२ होती, दक्षिण कोरियात ०.७२. जपानमध्ये आज दर १०० माणसांत २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत.

आता गणित. समजा एखाद्या देशात दरवर्षी २५ वर्षांचे एक लाख कामगार येतात. प्रत्येक जण ६५व्या वर्षापर्यंत काम करतो आणि ८५व्या वर्षापर्यंत जगतो. म्हणजे ४० वर्षं कमाईची आणि २० वर्षं म्हातारपणाची. त्यांची मुलंबाळं सध्या बाजूला ठेवू. पहिली ४० वर्षं आनंदीआनंद: कमावते वाढत वाढत ४० लाख होतात, आलेल्यांपैकी म्हातारा एकही नाही. एकेचाळिसाव्या वर्षी पहिली तुकडी निवृत्त होते. साठ वर्षांनी चित्र स्थिरावतं: ४० लाख कमावते, २० लाख म्हातारे. एका म्हाताऱ्यामागं दोन कमावते.

हे प्रमाण कमी वाटलं म्हणून दरवर्षी दोन लाख माणसं बोलावली, तर शेवटी ८० लाख कमावते आणि ४० लाख म्हातारे. प्रमाण पुन्हा दोनच! दहा लाख बोलावली तरी दोनच. येणाऱ्यांची संख्या या भागाकारातून पार निघून जाते, उरतं फक्त चाळीस भागिले वीस. देश मोठा होतो, तरुण होत नाही.

मग एका म्हाताऱ्यामागं चार कमावते हवे असतील तर? नवे येणारे दरवर्षी आधीपेक्षा जास्त असले पाहिजेत. वाढीचा वेग शोधायचा तर वीस वर्षांपूर्वी येणारी माणसं आजच्यांच्या क्ष पट होती असं मानू; मग कमावते १ + क्ष आणि म्हातारे क्ष² या प्रमाणात असतात. कमावते चौपट हवेत, म्हणून ४क्ष² − क्ष − १ = ० हे समीकरण येतं; क्ष येतो सुमारे ०.६४. म्हणजे येणाऱ्यांची संख्या दरवर्षी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढत जाऊन साधारण ३१ वर्षांत दुप्पट, पुढच्या ३१ वर्षांत चौपट, आणि हे कधीच थांबवता येत नाही. मुलं हिशेबात धरली तरी फार फरक पडत नाही, कारण स्थलांतरितांच्या पुढच्या पिढ्यांचा जननदरही स्थानिकांकडं झुकतो आणि ती मुलंही यथावकाश पासष्टीची होतात. लोकसंख्येचं गणित मांडणारे अभ्यासक आल्फ्रेड लोट्का यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं, की जन्ममृत्यूचे दर स्थिर राहिले तर लोकसंख्या आपली जुनी वयरचना कालांतरानं विसरते. आज किती तरुण आणले, हेही ती विसरते.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली हाच हिशेब खऱ्या देशांसाठी मांडला. कमावत्यांचं म्हाताऱ्यांशी असलेलं प्रमाण २०५० पर्यंत टिकवायचं, तर एकट्या दक्षिण कोरियाला ५०० कोटींहून जास्त स्थलांतरित लागले असते. तेव्हा सगळ्या जगाची लोकसंख्या ६०० कोटींच्या थोडी वर होती.

आखाती देश मात्र कायम तरुण दिसतात, ते कसे? दहावीच्या वर्गाचं सरासरी वय दरवर्षी पंधराच असतं, कारण जुनी पोरं बाहेर पडतात. तिथंही तसंच: काम संपलं की व्हिसा संपला, माणूस परत. म्हातारपण नाहीसं झालं नाही, ते ज्याच्या त्याच्या गावी पोचवलं.

हे समजायला मराठवाड्याला आखातापर्यंत जायची गरज नाही. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखान्याला धडधाकट वयाची माणसं मिळतात. गावात उरलेली म्हातारी रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा दाबते, झिजलेल्या रेषा यंत्राला उमगत नाहीत, ती पदराला बोट पुसून पुन्हा दाबते. सोबत मशीन दाखवायला नातू असतो, मुलगा नसतो. स्थलांतर हे विशी-तिशीतल्यांनाच जास्त उचलतं, हा नियम जगभर दिसतो. त्यामुळं जिथून माणसं जातात तिथलं सरासरी वय चढतं.

  

आणि आपण तरी किती दिवस तरुण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आला. म्हणजे २.१च्या रेघेखाली आपण केव्हाच गेलो. २०११च्या जनगणनेत राज्यात दर १०० माणसांत जवळपास १० जण साठीपुढचे होते.

म्हणून करारात पगाराइतकंच निवृत्तिवेतन पाहायला हवं. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. दोन्ही देशांतली वर्गणीची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात आणि तिकडं कमावलेलं निवृत्तिवेतन इकडं घेता येतं. जपानशी असा करार २०१६ पासून आहे. आखातात मात्र नोकरी सुटताना एकरकमी रक्कम मिळते आणि महिन्याचं निवृत्तिवेतन मिळत नाही. एजंटाकडं जाणाऱ्या पोरानं पगाराचा आकडा विचारल्यावर दुसरा प्रश्न निवृत्तिवेतनाचाच विचारावा, आणि सरकारनं पुढचे करार करताना तो पहिला विचारावा.