चुंबळ, पेंढ्याची

डोक्यावर भार घेताना भांड्याच्या किंवा पाटीच्या बुडाखाली ठेवायचे वळलेले कडे म्हणजे चुंबळ. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून केलेली चुंबळ महाराष्ट्रात सगळीकडे दिसते. भाताच्या मुलखात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आणि आज नवी मुंबईत मोडणाऱ्या गावांत, ती पेंढ्याचीही होई. भारे बांधायचे आळे, म्हणजे पेंढ्याचे पिळलेले बंध, पुरुषही वळीत. ‘आळा घालणे’ या बोलण्यातला आळा तो हाच. चुंबळ मात्र बायकांच्या हातची.

हंड्याचे, मडक्याचे बूड गोल असते. चुंबळ त्याला बैठक देते आणि सगळा भार टाळूवर एकाच जागी न येता भोवती पसरतो. पाण्याचा हंडा, मासळीची पाटी, मिठागरातले मीठ, शेतातला भारा हे सारे बायकांच्या डोक्यावरूनच जाई, तेव्हा चुंबळीवाचून दिवस निघत नसे. घरी आल्यावर तीच मडक्याखाली सरकवली जाई. रोजच्या वापरात ती झिजायची आणि टाकून दिली जायची. त्यामुळे जुनी चुंबळ कुणी जपून ठेवलेली सहसा सापडत नाही. या कामाला कारागिरी म्हणून कुणी मोजले नाही, याचेही कारण बहुधा हेच.

चांगल्या चुंबळीची सुरुवात खळ्यावर होते. भात विळ्याने बुडाशी कापावे लागते आणि पेंढी दगडावर किंवा फळीवर झोडावी लागते. झोडलेल्या पेंढ्याची काडी अखंड राहते. बैलांच्या पायांखाली मळलेला पेंढा चुरगळतो. गुरांना तो चालतो, वळायला चालत नाही. काड्यांची मूठ झाडून पाती आणि आखूड तुकडे काढतात. मग पाणी शिंपडून ओल्या गोणपाटाखाली झाकतात. कोरडी काडी वळताना तडकते आणि फार भिजली तर पुढे बुरशी धरते, म्हणून बोटाला नरम लागली की काम सुरू करायचे. मूठभर काड्यांचा पीळ घेऊन डोक्याच्या मापाचे कडे करायचे आणि त्यावर दुसरा बारीक पीळ घट्ट गुंडाळत जायचे. काडी संपत आली की तिचे टोक नव्या काडीच्या पिळात दडपून वेढा पुढे न्यायचा. शेवटचे टोक आत खोचायचे, कारण बाहेर गाठ राहिली तर ती डोक्याला रुतते. तयार कडे पुरते वाळल्याशिवाय वापरायचे नाही.

ही वहिवाट मोडली ती एका कारणाने नाही. नळ घरात आला आणि हंडा डोक्यावरून उतरला. ते बरेच झाले, त्याचे दुःख करण्यासारखे काही नाही. पण पेंढाही गेला. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. घणसोली, कोपरखैरणे, करावे यांसारख्या गावांची ओळख आता रेल्वे स्थानकांनी आणि सेक्टरांच्या क्रमांकांनी होते. जिथे शेती उरली तिथे १९६८ मध्ये आलेल्या ‘जया’सारख्या बुटक्या जातींनी दाणे वाढवले, काडी मात्र आखूड केली. पुढे यंत्राची कापणी-मळणी आली आणि उरलेली काडीही तुटली.

म्हणून ही कला पुन्हा उभी करायची तर एका दिवसाच्या कार्यशाळेने ते होणार नाही. आधी काडी हवी. मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत आजही भात होते; तिथे उंच गावठी भाताचा एखादा तुकडा हाताने कापून, झोडून, त्याचा पेंढा वेगळा रचावा लागेल. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, तेव्हाच वर्षाचा साठा बांधून घ्यायचा. गुरांच्या वैरणीतून तो बाजूला काढायचा असल्याने शेतकऱ्याला त्याचे वेगळे मोल द्यायला हवे.

बिहारमधल्या मिथिलेतल्या बायकांचे सिक्की गवताचे काम यासाठी पाहण्यासारखे आहे. तेही गवताच्या वेढ्यांवर उभे राहते, आणि ते टिकले कारण सिक्कीच्या डब्या-टोपल्या मुलीबरोबर सासरी जात राहिल्या. चुंबळीलाही आजच्या घरात अशी जागा मिळू शकते: पाण्याच्या माठाखाली, गरम पातेल्याखाली, नवरात्रात घटाखाली. बचत गटांना विक्रीसाठी बेलापूरचे अर्बन हाट, म्हणजे हस्तकलेच्या वस्तूंचा बाजार, जवळ आहे.

शिकवताना मात्र पहिली चुंबळ विकायची नाही. तिच्यावर भरलेला माठ ठेवून पाहायचा. तो डुगडुगला तर पीळ कुठेतरी सैल आहे. तिथपर्यंत उसवायचे आणि पुन्हा वळायचे.