बेळगावात ल्यूथरन का नाहीत? धारवाडचं बासेल मिशन आणि आपला कॅंप, थोडी पार्श्वभूमी

बेळगावात चर्च म्हटलं की कॅथलिक, मेथडिस्ट आणि कॅंपातलं सेंट मेरीज एवढंच डोळ्यासमोर येतं. ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाचे प्रोटेस्टंट, कुठंयत विचारलं की लोक सरळ धारवाडकडे बोट दाखवतात, "ते बासेल मिशनवाले, जर्मन पाद्र्यांचे". अर्धं बरोबर आहे. पण बासेल मिशन धड जर्मनही नाही आणि धड ल्यूथरनही नाही. ते १८१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात सुरू झालं, पैसा बराचसा स्विस व्यापाऱ्यांचा आणि माणसं मात्र बहुतेक जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गची, म्हणजे घरचे ल्यूथरन. स्विस लोक रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच दुसऱ्या पंथाचे. दोघांनी जमवून घेतलं. म्हणून इकडच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या लोकांच्या समूहांना, मार्टिन ल्यूथरचं छोटं प्रश्नोत्तराचं पुस्तक शिकवलं गेलं, पण पाटीवर ल्यूथरन असं कुणी लिहिलं नाही.

मग हे लोक धारवाडपर्यंत आले आणि पाऊणशे किलोमीटरवरच्या बेळगावात का नाही आले? धर्ममतापेक्षा यात नंबर कुणाचा आधी लागला याचा भाग जास्त. १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मुन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला, कॅंप म्हणजे लष्करी छावणी बसली, आणि १८२० मध्ये जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथं येऊन राहिले. ते लंडन मिशनचे, म्हणजे इंग्रजांच्या लंडन मिशनरी सोसायटीचे. त्यावेळी ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात सहज शिरकावच नव्हता, तो रस्ता मोकळा झाला १८३३ च्या चार्टर ॲक्टनं, म्हणजे कंपनीच्या सनदेच्या कायद्यानं, आणि लगेच १८३४ मध्ये बासेलची पहिली तीन माणसं मंगळूरला पोचली. तिथून ते घाट चढून १८३७ ला धारवाड, १८३९ ला हुबळी, १८४१ ला गदग-बेटगेरी असे सरकत गेले. तोवर बेळगावात लंडनवाल्यांची इंग्रजी शाळाही सुरू झालेली, १८३२ ची, तीच आजची बेनन स्मिथ. आणि एका मिशननं दुसऱ्याच्या हद्दीत दुकान मांडायचं नाही असा या लोकांचा आपसातला रिवाज. आपल्याकडची पहिली सीमारेषा म्हणायला हरकत नाही, आणि तिच्यावरून कुणी कोर्टात गेलं नाही हे विशेष!

शाळेच्या नावातले बेनन म्हणजे विल्यम बेनन, टेलरांचे जोडीदार, आणि स्मिथ म्हणजे नंतरचे जेम्स स्मिथ. टेलरांचा मुलगा जे. व्ही. एस. टेलर पुढं गुजरातेत गेला आणि त्यानं गुजराती भाषेचं व्याकरण लिहिलं, तिकडं त्याला अजून मान आहे. आपल्याकडं बापाचं नाव कुणाला आठवत नाही.

आता स्टाफचं बघा, खरी गंमत तिथंच आहे. बासेल मिशनच्या एका स्टेशनवर, म्हणजे ठाण्यावर, मिशनरी साहेब एक नाहीतर दोन, आणि त्यांच्या हाताखाली उपदेशक म्हणजे कॅटेकिस्ट, शाळामास्तर, पुस्तकं विकत गावोगाव फिरणारा माणूस, घराघरात बायकांकडं जाणाऱ्या बायबल बाया, आणि मंडळीतून निवडलेले वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ सभासद. साहेबाची बायको पगाराशिवाय मुलींची शाळा नाहीतर बोर्डिंग बघायची. पण साहेबाला लग्न करायला बासेलच्या कमिटीची परवानगी लागायची, आणि बऱ्याचदा नवरी तिकडूनच जहाजानं पाठवली जायची, जिला त्यानं नीट पाहिलेलंही नसायचं. रिपोर्ट लिहायचा साहेबानं, त्यामुळं पुस्तकात नाव साहेबाचं. बाजारात, जत्रेत उन्हात उभं राहून लोकांच्या शिव्या खायचा तो उपदेशक, घरचे आणि जातवाले तुटलेले असायचे तेही त्याचेच, आणि रिपोर्टात तो नुसता "आमचा कॅटेकिस्ट". बायबल बायांचं तर तेवढंही नाही. मला विचाराल तर मंडळी टिकली ती या लोकांमुळं, साहेब येत-जात राहिले, तापानं मेले किंवा तब्येत बिघडून परत गेले.

याला एक ठळक अपवाद म्हणजे आनंदराव कौंडिण्य. मंगळूरचा सारस्वत घरातला मुलगा, १८४४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरात केवढा हलकल्लोळ झाला असेल कल्पना करा, मग थेट बासेलला जाऊन शिकला आणि १८५१ मध्ये पूर्ण दर्जाचा मिशनरी होऊन परत आला. गोऱ्यांच्या बरोबरीचा. नंतर त्यांनी जर्मन बाईशी लग्न केलं, त्या काळात! असे कौंडिण्य पुढं भराभर का नाही झाले हा प्रश्न मिशनला विचारायलाच पाहिजे.

फर्डिनांड किटेल याच मिशनचे, १८५३ ला आले, धारवाड-हुबळीकडं राहिले आणि १८९४ मध्ये तो प्रचंड कन्नड-इंग्रजी कोश छापून आला. धारवाडात सगळा भर कन्नडवर. बेळगावच्या कॅंपात मात्र मराठी, कन्नड, आणि फौजेमागून आलेले तमिळ अशी सरमिसळ, त्यामुळं इथल्या मंडळ्यांची घडण सुरुवातीपासूनच वेगळी झाली.

तसं बासेल मिशन बेळगावात आलंच नाही म्हणायचं तर मंगलोरी कौलांचं काय करायचं? १८६५ मध्ये प्लेब्स्ट नावाच्या मिशनच्याच माणसानं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, नव्या ख्रिस्ती झालेल्यांना काम मिळावं म्हणून. कौलाच्या पाठीवर इंग्रजीत बासेल मिशन टाइल वर्क्स असा उठावाचा शिक्का असायचा. पुढं खानापूरला कौलांच्या फॅक्टऱ्या निघाल्या, पण ते डिझाइन इकडं रुजवलं ते यांनीच.

बासेलवाल्यांची बेळगावातली दुसरी एन्ट्री जरा वाईट निमित्तानं झाली. १९१४ ला महायुद्ध लागलं आणि जर्मन मिशनरी एका रात्रीत शत्रू ठरले. पुरुषांना अहमदनगरच्या नजरकैदेच्या कॅंपात टाकलं, नंतर बऱ्याच जणांना जहाजात घालून मायदेशी धाडलं, कारखाने सरकारनं काढून घेतले. जर्मन बायका-पोरांसाठी आणि कुटुंबांसाठी तसाच एक कॅंप बेळगावात होता, १९१७ मध्ये रेडक्रॉसची माणसं तो बघायला आली होती. म्हणजे ज्या गावात त्यांना मिशन काढता आलं नाही तिथं नजरकैदेत राहायची वेळ आली.

बेळगावात तोवर लंडन मिशनही उरलं नव्हतं. १९०४ मध्ये त्यांनी सगळं काम अमेरिकन मेथडिस्टांकडं सोपवलं. इथं स्टाफची पद्धतच बदलली. लंडनवाल्यांच्या परंपरेत मंडळीच्या मताला वजन, मेथडिस्टांत पाळक नेमणार बिशप, वर्षाच्या कॉन्फरन्सला नेमणुका वाचून दाखवणार आणि बदली आली की सामान बांधायचं. मंडळीला पाळक आवडो न आवडो. बासेलच्या मंडळ्या पुढं चर्च ऑफ साउथ इंडिया या दक्षिणेतल्या एकत्रित प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेल्या, मंगळूरकडच्या १९४७ ला आणि धारवाडकडच्या नंतर, आणि बिशपची गादी आता धारवाडला आहे.

नाव लावणारे खरे ल्यूथरन भारतात १७०६ पासून आहेत, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला, नंतर आंध्र, रांची, छिंदवाडा आणि कृष्णगिरी-केजीएफचा (कोलार सोन्याच्या खाणींचा) पट्टा. आपल्या सीमाभागात असं कुटुंब भेटलंच तर ते बहुतेक मिलिटरी नाहीतर नोकरीच्या बदलीनं आलेलं असतं.

ज्यांना घरातला पणजोबा उपदेशक होता असं नुसतं ऐकून माहीत आहे त्यांनी आधी गाव बघावं. धारवाड-हुबळी-गदग असेल तर कागद बासेलच्या आर्काइव्हमध्ये, आणि तिथले जुने फोटो ऑनलाइनही दिसतात. बेळगाव आणि १९०४ च्या आधीचं असेल तर लंडन मिशनचे कागद लंडनच्या सोआस (SOAS) या विद्यापीठात. नंतरचं असेल तर मेथडिस्टांचं दप्तर अमेरिकेत न्यू जर्सीला. आणि हो, नाव शोधताना साहेबांनी केलेलं स्पेलिंग डोक्यात धरून शोधा, आपलं नव्हे.