गेमची भाषा आणि सेकंदाचा साठावा भाग

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ठाण्यात ‘तीस दिवसांत स्वतःचा व्हिडिओ गेम’ असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती दिसू लागतात, आणि मुलाने आधी कोणती भाषा शिकावी असे ओळखीचे पालक मला विचारू लागतात. उत्तर छोटे आहे: लहान मुलांसाठी ठोकळे जोडण्याचे स्क्रॅच, आणि शाळेत थोडे पायथन झाले असेल तर गोडो या मोफत गेम इंजिनातील (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील) जीडीस्क्रिप्ट ही भाषा, कारण तिची मांडणी पायथनसारखीच आहे. खरी अडचण पुढे येते आणि ती भाषेची नसून काळाची असते.

नौपाड्यातील नववीच्या एका मुलीने पडद्यावर चेंडू सरकवणारा पहिला कोड लिहिला आणि तो घणसोलीला मामाच्या संगणकावर चालवला, तर तिथे चेंडू जवळजवळ अडीचपट वेगाने पळाला. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नव्हता.

गेम म्हणजे अखंड चालणारे आवर्तन: बटणे वाचायची, सगळ्या वस्तू किंचित पुढे सरकवायच्या, चित्र काढायचे. अशा एका फेरीला फ्रेम म्हणतात. घरचा पडदा सेकंदाला 60 फ्रेम दाखवत होता, मामाचा 144. दर फ्रेमला 5 पिक्सेल सरकणारा चेंडू एकीकडे सेकंदात 300 पिक्सेल जातो, दुसरीकडे 720. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्येही शत्रू कमी होत तसे उरलेल्यांना काढण्याचे काम लवकर उरके आणि ते अधिक वेगाने चालून येत, तिथे ते खेळाला पोषकच ठरले.

उपाय असा की मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, म्हणजे डेल्टा, इंजिनाकडून घ्यायचा आणि 300 ला त्याने गुणायचे. चेंडू दोन्हीकडे सारखा धावतो.

गेममधल्या पात्राची उडी मात्र एवढ्याने सुटत नाही, आणि मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच आहे. उडीचा आरंभवेग सेकंदाला 600 पिक्सेल आणि गुरुत्वाकर्षण 1200, म्हणजे दर सेकंदाला वेगात तेवढी घट, धरले, तर शाळेतल्या सूत्राने उंची 150 पिक्सेल येते. संगणक मात्र सलग वक्र काढत नाही. तो प्रत्येक फ्रेमला आधी वेग घटवतो, मग त्या घटलेल्या वेगाने वस्तू सरकवतो, त्यामुळे प्रत्येक पायरीवर उंची किंचित कमी पडते. ही तूट 300 (आरंभवेगाचा अर्धा) गुणिले डेल्टा इतकी भरते: 60 फ्रेमला 5 पिक्सेल, 144 फ्रेमला सुमारे 2. म्हणजे 146 पिक्सेलवरचा कट्टा घणसोलीत गाठता येतो आणि नौपाड्यात येत नाही. दोन ओळींचा क्रम उलटा केला, तर हीच चूक वरच्या बाजूला जाते आणि 60 फ्रेमला उंची 155 भरते.

कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, आता शिकायची गरज उरली नाही, असा प्रचार जोरात आहे. कोड मिळेलही, पण उडी कट्ट्याला का पोहोचत नाही हे शोधायला ही बेरीज कागदावर मांडता यावी लागते, आणि नववीचे गणित त्याला पुरते.

म्हणून गोडोमध्ये ‘फिजिक्स प्रोसेस’ हे वेगळे फंक्शन असते, जे पडदा कोणताही असो, मुळात सेकंदाला 60 वेळाच चालते. त्या मुलीने उडीच्या दोन्ही ओळी तिथे हलवल्या. आता उडी दोन्ही घरी 145 पिक्सेल भरते, आणि कट्टा तिने 140 वर आणला आहे.