टॉवर समोर, तरी आत रेंज नाही: इमारतीच्या आत मोबाईल नेटवर्क कसं आणतात

सांगली, मिरज, कुपवाड आणि तासगाव परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गच्चीवर गेलं की रेंज फुल्ल, खाली आलं की फोनच लागत नाही." आमच्याकडे येणारे बहुतेक लोक सुरुवात याच वाक्याने करतात. विश्रामबागमधलं तळघरातलं दुकान, कुपवाड एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड, मिरजेतलं हॉस्पिटल, तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, सगळीकडे दुखणं एकच. लोकांनी सिम बदललेलं असतं, फोन बदललेला असतो, तरी फरक पडत नाही, कारण रेंज अडते ती भिंतीत, छतात आणि काचेत.

मोबाईलच्या लहरी साध्या विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. जाड आरसीसी आणि त्यातलं सळईचं जाळं ओलांडताना त्यांची बरीच ताकद जाते. नव्या ऑफिसांना बाहेरून जी चकचकीत काच लावतात, तिच्यावर ऊन अडवायला धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो थर उन्हाबरोबर रेंजही परतवतो. पत्रा तर जवळजवळ काहीच आत सोडत नाही. त्यात कमी फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून जरा बऱ्या जातात, १८०० आणि २१००च्या कमी, २३००च्या आणखी कमी. ५जीसाठी मुख्यतः वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा भिंतीला सगळ्यात लवकर हरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झालं, तेव्हापासून "रस्त्यावर ५जी दिसतं, दुकानात शिरलं की गायब" असं लोक सांगतात, त्याचं कारण हे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टॉवरची ताकद कित्येक वॉटची असते, तुमच्या फोनची ४जीवर साधारण ०.२ वॉट. म्हणजे टॉवरचं बोलणं फोनपर्यंत पोचतं, पण फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचत नाही, असं होऊ शकतं. "मला तुमचा आवाज येतोय, माझा तुम्हाला येतोय का?" हे तळघरातलं नेहमीचं वाक्य अशा वेळी ऐकू येतं. फोनवरच्या दांड्या ही बाजू दाखवतच नाहीत.

आधी मोजा, मग खर्च करा

दांड्यांवर विसंबू नका. किती ताकदीला किती दांड्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपलं आपण ठरवते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात सिम स्टेटस उघडलं की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. ४जीसाठी उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० च्या खाली आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० जवळ फोन कट होतो. आकडा दर १० ने (म्हणजे १० डीबीने) खाली गेला की ताकद दहापट घटते, म्हणजे उणे ९० आणि उणे ११० यांच्यात शंभरपटीचा फरक आहे.

हा आकडा आधी गच्चीवर घ्या, मग दारात, मग प्रत्येक मजल्यावर मधोमध आणि कोपऱ्यात, शेवटी जिन्यात, लिफ्टजवळ आणि तळघरात. तुमच्याकडे ज्या कंपन्यांची सिम वापरात आहेत, त्या प्रत्येकीसाठी वेगळा घ्या. गच्चीवरच आकडा वाईट असेल तर तो प्रश्न बाहेरच्या नेटवर्कचा आहे. तो टेलिकॉम कंपनीकडेच मांडावा लागतो, आम्ही इमारतीत काहीही बसवून तो सुटणार नाही. कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर नेटवर्कचे नकाशे टाकले आहेत, तेही बघा, पण तुमच्या भिंतींमागे काय होतं हे त्या रंगांवरून कळत नाही.

बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज: एक उदाहरण सविस्तर

तासगाव-सांगली पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजचं काम नीट समजून घेतलं की बाकीच्या इमारती सोप्या वाटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कोल्ड स्टोरेजच्या भिंती पफ पॅनेलच्या असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रा आणि मध्ये फोम. दारसुद्धा तसंच. दार उघडं असताना फोन लागतो, दार सरकवून बंद केलं की त्याच जागी 'नो सर्व्हिस'. आत माल मोजणाऱ्या माणसाला लॉट नंबर विचारायचा तर कुणाला तरी आत पाठवावं लागतं. सौद्याच्या दिवशी व्यापारी फोनवर, मॅनेजर पोर्चमध्ये आणि माल आत, अशी तिघांची गाठच पडत नाही. आत माणूस असताना दार बाहेरून लागलं तर मदत मागायलाही फोन नाही. सोयीपेक्षा हा मुद्दा आम्हाला मोठा वाटतो. आतून उघडणारी कडी आणि अलार्म हवेतच, पण त्यांच्या जोडीला फोनही चालायला हवा.

यावर उपाय म्हणजे सिग्नल केबलने आत नेऊन अँटेनातून सोडायचा. पण पॅसेजमध्ये एक मोठी अँटेना लावली तर चेंबरमध्ये काहीच जात नाही, कारण मध्ये पुन्हा पत्राच. त्यामुळे प्रत्येक चेंबरला स्वतःची अँटेना लागते. ती छताजवळ, कूलिंग युनिटच्या फॅनसमोर येणार नाही आणि बॉक्सच्या थप्पीला टेकणार नाही अशी बसवतो. केबल आत नेताना पॅनेलला पाडलेलं भोक फोम आणि सीलंटने पूर्ण बंद करावं लागतं. तिथे फट राहिली की बाहेरची दमट हवा आत शिरते, भोकाभोवती बर्फ धरतो, पाणी कनेक्टरमध्ये उतरतं आणि काही महिन्यांत रेंज पुन्हा ढासळते. वीज लागणारं कोणतंही यंत्र आम्ही चेंबरच्या आत बसवत नाही. आत फक्त केबल आणि अँटेना.

मोजणीही दोनदा करतो, एकदा चेंबर रिकामा असताना आणि एकदा भरलेला असताना. बेदाण्यात ओल असते आणि ओल लहरी शोषते. फेब्रुवारीत रिकाम्या चेंबरमध्ये छान चाललेलं नेटवर्क, उन्हाळ्यात माल छतापर्यंत चढला की थप्प्यांमागे मेलेलं असतं. डिझाइन भरलेल्या चेंबरचंच करायला हवं.

वाटलेल्या अँटेनांचं जाळं

यालाच आमच्या धंद्यात डीएएस (डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टिम) म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या संशोधकांनी १९८७ मध्येच यावर शोधनिबंध लिहिला होता. एका जागेवरून जोरात सिग्नल फेकण्याऐवजी तो केबलने आत न्यायचा आणि बऱ्याच ठिकाणी थोडा थोडा सोडायचा.

द्राक्षबागायतदाराला हे लगेच पटतं, कारण ठिबकचा हिशेब असाच असतो. मेन लाईन, सबमेन, लॅटरल आणि शेवटी ड्रिपर. पहिल्या झाडानेच पाणी ओढून घेतलं तर शेवटची रांग वाळते, म्हणून दाब सांभाळावा लागतो. इथेही तसंच. स्प्लिटर ताकद सारखी वाटतो, दोन वाटा केल्या की प्रत्येकीला निम्मी. कपलर मात्र असमान वाटतो: १० डीबीचा कपलर जवळच्या अँटेनाला दहावा हिस्सा देतो आणि बाकीचा पुढे सोडतो. सुरुवातीला मोठ्या डीबीचे, म्हणजे कमी हिस्सा देणारे कपलर, शेवटाकडे लहान डीबीचे, असं मांडलं की पहिल्या आणि शेवटच्या अँटेनाला जवळपास सारखाच सिग्नल मिळतो.

केबलमध्येही घट होते. नेहमीच्या अर्धा इंची केबलमध्ये १०० मीटरला ९०० मेगाहर्ट्झवर सुमारे ७ डीबी जातात, २१०० वर ११ च्या आसपास, आणि ५जीच्या पट्ट्यात १४-१५. म्हणजे १०० मीटर केबल संपेपर्यंत ५जीचा तिसावा हिस्सा हातात उरतो. त्यामुळे जुन्या ४जीच्या जाळ्यावर ५जी जोडून आपोआप भागेल असं समजू नका. जुने स्प्लिटर आणि अँटेना त्या पट्ट्यासाठी बनवलेले असतात का, हेही तपासावं लागतं. शिवाय ४जी-५जीचा पूर्ण वेग हवा असेल तर प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन केबलचे मार्ग लागतात. खर्च त्याने बराच वाढतो. फक्त बोलणं आणि युपीआय चालायला हवं असेल तर एक मार्ग पुरतो, हे आम्ही आधीच सांगतो.

इमारत मोठी असेल किंवा दोन-तीन इमारती एकाच आवारात असतील, तर तांब्याच्या केबलऐवजी ऑप्टिकल फायबर वापरतात. फायबरमध्ये किलोमीटरलाही अर्ध्या डीबीपेक्षा कमी घट होते. मात्र प्रत्येक टोकाला वीज लागणारं युनिट येतं, म्हणजे यूपीएस आणि अर्थिंगही आलं. मिरजेतल्या मोठ्या हॉस्पिटलला हे शोभतं, बारा गाळ्यांच्या कॉम्प्लेक्सला नाही.

हॉस्पिटलबद्दल एक सूचना. एक्स-रेच्या खोलीला शिशाचं अस्तर असतं आणि एमआरआयची खोली तर मुद्दाम तांब्याने मढवलेली असते, बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून. एमआरआयच्या खोलीत अँटेना बसवायची नाही. तिच्या बाहेरच्या नियंत्रण कक्षात बसवायची.

बाजारात मिळणारा 'बूस्टर' घेऊ नका

हे आम्ही जोर देऊन सांगतो. ऑनलाइन तीन-चार हजारांत मिळणारा बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून अशा उपकरणाला परवाना लागत आला आहे, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगणं बेकायदाच ठरवलं आहे. दूरसंचार विभाग अशी यंत्रं शोधून जप्त करतो.

कायदा बाजूला ठेवला तरी त्याने नुकसान होतं. असा बूस्टर चांगल्या सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि तो गोंगाट टॉवरकडे परत पाठवतो. गच्चीवरची अँटेना आणि आतली अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या, की माईक आणि स्पीकर जवळ आल्यावर होतो तसा शिट्टीचा प्रकार होतो, फक्त तो कानाला ऐकू येत नाही. त्या टॉवरवरच्या सगळ्या लोकांचे फोन तुटायला लागतात. तुमच्या दुकानात रेंज आली आणि शेजारच्या दवाखान्याची गेली, असं आमच्या हातून व्हायला नको. आम्ही असा बूस्टर विकत नाही आणि कुणी आणून दिला तर बसवतही नाही.

सिग्नल येणार कुठून?

आमचं काम जाळं टाकण्याचं. त्यात सोडायचा सिग्नल टेलिकॉम कंपनीचा असतो आणि तो तिच्या संमतीनेच मिळतो. कंपनी तिचं छोटं स्टेशन तुमच्या इमारतीत बसवते किंवा तिच्या मान्यतेचा रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवून पुढे देणारं यंत्र, देते. प्रत्येक कंपनीशी वेगळं बोलावं लागतं, आणि एकीने होकार दिला म्हणून दुसरी देतेच असं नाही. तुमच्याकडे रोज किती लोक येतात, तक्रारी किती, जागा आणि वीज कोण देणार, यावर कंपनी निर्णय घेते. मोजणीचे आकडे आणि नकाशा हातात असला की बोलणं लवकर पुढे सरकतं. तो अर्ज तयार करून द्यायची जबाबदारी आमची, होकार मात्र आमच्या हातात नाही, आणि तो येईपर्यंत आम्ही केबल टाकायला सुरुवात करत नाही.

लहान दुकान किंवा घर असेल तर आधी वायफाय कॉलिंग सुरू करून बघा. बहुतेक फोनमध्ये ती सोय असते, वेगळे पैसे लागत नाहीत, ब्रॉडबँड चांगलं असलं की झालं. पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सला मात्र बऱ्याचदा स्वतःचं सिम असतं, त्याला याचा उपयोग नाही. तो दाराजवळ सरकवून बघा. एवढ्यावर भागत असेल तर आमच्याकडे यायची गरज नाही.

नवं बांधकाम करणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीनुसार मानांकन देण्याचे नियम आणले आहेत, त्यामुळे ग्राहक पुढे हा प्रश्न विचारणारच. प्रत्येक मजल्यातून जाणारा एक डक्ट, कपाटाएवढी एक खोली, तिथे वेगळी वीज आणि अर्थिंग, एवढं स्लॅब पडण्याआधी ठेवलं तर नंतरचं कोअर कटिंग आणि पीओपीची तोडफोड वाचते.

पुराचा विचार

सांगलीत ही खोली तळघरात किंवा तळमजल्यावर करू नका, बिल्डर कितीही म्हणाला तरी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. नेटवर्कची खरी गरज त्याच दिवसांत लागते. यंत्रं आणि यूपीएस पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर ठेवा. तळघरात फक्त केबल आणि अँटेना असतील तर पाणी ओसरल्यावर बदलायला सोप्या जातात.

"डोक्यावर अँटेना म्हणजे रेडिएशन वाढलं ना?"

हा प्रश्न प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघतो आणि तो विचारायलाच हवा. छतावरची आतली अँटेना साधारण काही मिलीवॉट ते शंभरेक मिलीवॉट ताकदीवर चालते. रेंज नसलेल्या जागी कानाला लावलेला फोन टॉवर गाठण्यासाठी २०० मिलीवॉटपर्यंत जातो. अँटेना जवळ आली की फोन आपली ताकद आपोआप कमी करतो, बॅटरीही जास्त टिकते. ज्याला शंका असेल त्याच्यासमोर आम्ही मीटर लावून दाखवतो.

काम पूर्ण झाल्यावर काय मागून घ्यायचं

प्रत्येक केबल कुठून कुठे गेली याचा नकाशा. प्रत्येक मार्गाचा व्हीएसडब्ल्यूआर तपासणीचा (पुढे जाण्याऐवजी किती सिग्नल उलटा परततो ते दाखवणारा) रिपोर्ट, ज्यात आकडा १.५ च्या आत असायला हवा. सैल किंवा गंजक्या कनेक्टरमुळे दोन सिग्नल मिसळून तिसराच खोटा सिग्नल तयार होतो, त्याला पीआयएम म्हणतात, त्याचाही रिपोर्ट. आणि कामाआधी व कामानंतर त्याच जागांवर घेतलेले डीबीएमचे आकडे. काम आमचं असो वा दुसऱ्या कुणाचं, हे कागद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पीओपी बंद झाल्यावर सैल कनेक्टर शोधायचा म्हणजे अख्खं सीलिंग उघडावं लागतं.

पाहणीला बोलावण्याआधी इमारतीचा मंजूर नकाशा, कोणत्या कंपन्यांची सिम जास्त वापरात आहेत त्याची यादी आणि सोसायटी असेल तर कमिटीचं संमतीपत्र काढून ठेवा. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी चेंबर भरलेले असतानाची तारीख द्यावी.