आधी टेबल खाली घ्या

नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून तयार होणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, वाढतं आणि तरुण वयातच पित्ताशयात खडे होतात. दुर्बिणीने पित्ताशय काढलं की रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. त्याच ऑपरेशनच्या टेबलापाशी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या सर्जनची मान आणि खांदे मात्र झिजत जातात. यातलं बरंचसं टाळता येतं.

डोक्याचं वजन साधारण ५ किलो. मान ३० अंश वाकली की मणक्यांवरचा भार गणिताने १८ किलोच्या आसपास जातो, ६० अंशांना २७ किलो. म्हणजे रावेर-यावलकडचा केळीचा भरलेला घडच. मजूर तो घड गाडीपाशी उतरवतो. सर्जन तासभर तसाच वाकलेला असतो, आखडलेल्या स्नायूला रक्त कमी मिळतं आणि दुखणं सुरू होतं.

ही झाली पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची गोष्ट. दुर्बिणीत मानेपेक्षा खांदे जास्त भरतात, आणि त्याचं मूळ टेबलाच्या उंचीत आहे. साधारण ३६ सेंमी लांब उपकरणाचा बराच भाग पोटाबाहेर असतो आणि मूठ त्याच्या वरच्या टोकाला. टेबल नेहमीच्या उंचीवर राहिलं तर कोपरं बाजूला फाकतात, खांदे कानाकडे चढतात. म्हणून टेबल कोपराच्या उंचीच्या ०.७ ते ०.८ पट हवं: कोपर १०५ सेंमीवर असेल तर ७४ ते ८४ सेंमी. चूक बहुतेक वेळा पुढे होते. उंची सुरुवातीला लावतात, मग पोटात गॅस भरतात, पोट फुगतं. पित्ताशयासाठी डोक्याकडची बाजू उचलून टेबल डावीकडे कलवतात, आणि कामाची जागा पुन्हा वर येते. गॅस भरून, टेबल कलवून झाल्यावर उंची पुन्हा बघायलाच हवी. टेबल आणखी खाली जात नसेल तर पायाखाली रुंद पाट घ्यावा. उपकरण चालवायचं पायाचं पेडलही त्याच पाटावर हवं, नाहीतर सगळं वजन एका पायावर येतं.

मॉनिटर समोर, डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खाली. उपकरणाच्या मुठीच्या कडीत अंगठा खोल घालू नये. तिथली नस दाबली जाऊन बधिरपणा येतो.

दर २०-४० मिनिटांनी उपकरणं सुरक्षित ठेवून मिनिट-दीड मिनिट मान आणि खांदे सैल करावेत. कामात गुंतलेल्या सर्जनला वेळेचं भान राहत नाही, म्हणून आठवण करून देण्याचं काम सिस्टरकडे आधीच सोपवावं.