डिसेंबरातच एवढ्या तारखा का? वेस्टर्न क्लासिकलच्या नाताळ सीझनची पार्श्वभूमी

डिसेंबर उजाडला की वेस्टर्न क्लासिकल ऐकणाऱ्यांसाठी तारखांची नुसती रांग लागते. ५ डिसेंबर १७९१ ला मोझार्ट गेला, १७ डिसेंबर १७७० ला बीथोव्हनचा बाप्तिस्मा झाला, १८ डिसेंबर १८९२ ला चायकोव्हस्कीचं नटक्रॅकर बॅले पहिल्यांदा स्टेजवर आलं, २२ डिसेंबर १८०८ ला बीथोव्हनची पाचवी सिम्फनी लोकांनी पहिल्यांदा ऐकली, २४ डिसेंबर १८७१ ला कैरोत व्हेर्दीचा ऑपेरा आयदा, २५ डिसेंबर १७३४ ला बाखचं ख्रिसमस ऑरेटोरिओ (अभिनयाशिवाय नुसती गाऊन सांगितलेली धार्मिक कथा), २६ डिसेंबर १८३१ ला मिलानला बेल्लिनीचा ऑपेरा नॉर्मा. जन्म-मृत्यूच्या तारखा कुणाच्या हातात नसतात, त्या सोडून देऊ. पण बाकीच्यांपैकी बऱ्याचशा योगायोगाने डिसेंबरात आलेल्या नाहीत. त्यांच्यामागे चर्चचं पंचांग आहे आणि त्या पंचांगावर चालणारा थिएटरचा धंदा आहे, आणि मला वाटतं हे एकदा लक्षात आलं की या तारखा पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप समजतात.

त्या काळच्या युरोपात दोन काळ उपास-प्रार्थनेचे. एक ईस्टरच्या आधीचा लेंट आणि दुसरा नाताळच्या आधीचा अ‍ॅडव्हेंट, ज्याला आपल्या वसईकडचे ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. या दिवसांत मौजमजा कमी करायची, लग्नं नाहीत, आणि काही ठराविक दिवशी नाटक आणि ऑपेरा बंद. नियम शहरागणिक वेगळे होते पण परिणाम सगळीकडे साधारण सारखाच, थिएटरची बिल्डिंग रिकामी, वादक-गायक मोकळे, आणि लोकांना संध्याकाळी काहीतरी ऐकायला हवंच असतं. मग जिथे वेशभूषा नाही, अभिनय नाही, असं संगीत तेवढं चालायचं. लंडनमध्ये हँडलने हेच केलं, लेंटमधल्या बुधवार-शुक्रवारी नाटकं बंद असायची तर त्या दिवशी तो बायबलच्या कथांवरचे ऑरेटोरिओ लावायचा. आज जगभर नाताळात गायलं जाणारं त्याचं मेसायासुद्धा असंच लेंटमधलं. १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालं, चॅरिटीसाठी, आणि गर्दी एवढी अपेक्षित होती की बायकांनी घेराचे स्कर्ट घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात अशी विनंती आधीच छापली होती, म्हणजे जास्त माणसं मावतील. सुमारे ७०० लोक बसले. त्याचा नाताळशी संबंध नंतर जुळत गेला, बॉस्टनच्या हँडल अँड हायडन सोसायटीने अमेरिकेत ते पहिल्यांदा संपूर्ण सादर केलं ते १८१८ च्या २५ डिसेंबरला.

आता व्हिएन्ना. तिथे नाताळच्या आदले काही दिवस आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा थिएटरात नाटक नसायचं, म्हणून कुठल्याही संगीतकाराला स्वतःच्या फायद्यासाठी मोठा कॉन्सर्ट करायचा तर हेच दिवस. बीथोव्हनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, २३ डिसेंबर १८०६ ला झाला, थिएटर आन डेअर वीनमध्ये, फ्रान्झ क्लेमेंट नावाच्या व्हायोलिनवादकासाठी, आणि तो इतक्या ऐनवेळी लिहून झाला होता की क्लेमेंटने बराचसा भाग जवळपास समोर बघूनच वाजवला असं सांगतात. त्याच कार्यक्रमात क्लेमेंटने व्हायोलिन उलटं धरून स्वतःची एक रचनाही वाजवली. तेव्हा प्रेक्षकांना असल्या करामती आवडायच्या. कॉन्चेर्टो मात्र त्यानंतर कित्येक वर्षं फारसा कुणी वाजवला नाही, १८४४ मध्ये लंडनला योआखिम नावाच्या बारा वर्षांच्या व्हायोलिनवादकाने संगीतकार मेंडेल्सोनच्या हाताखाली वाजवला तेव्हा कुठे तो वर आला.

क्लेमेंटच्या त्या कार्यक्रमानंतर दोन वर्षांनी, त्याच थिएटरात, २२ डिसेंबर १८०८. या एका संध्याकाळवर मी कितीही वेळ बोलू शकतो. बीथोव्हनने थिएटरच्या चॅरिटी कॉन्सर्टना मदत केली होती, त्याच्या बदल्यात खूप मागे लागून त्याला ही तारीख मिळाली. पण त्याच संध्याकाळी दुसऱ्या थिएटरात संगीतकारांच्या विधवा आणि मुलांसाठीच्या फंडाचा दरवर्षीचा कॉन्सर्ट होता, त्यामुळे शहरातले बरेच चांगले वादक तिकडे. इकडे उरलेल्यांत हौशी लोकही घ्यावे लागले. वर नोव्हेंबरातल्या एका कार्यक्रमात त्याचं ऑर्केस्ट्राशी इतकं बिनसलं होतं की, त्याच्या एका परिचिताच्या आठवणीनुसार, वादकांनी अटच घातली, रिहर्सल चालू असताना यांनी हॉलमध्ये थांबायचं नाही. मग तो शेजारच्या खोलीतून ऐकायचा आणि सूचना मध्यस्थाकडून पाठवायचा. ज्या गायिकेला गायचं होतं तिच्याशी भांडण झालं, तिने नकार दिला, शेवटी एक तरुण मुलगी उभी केली आणि ती बिचारी स्टेजवर घाबरून गेली.

आणि प्रोग्रॅम केवढा! सहावी सिम्फनी, एक मोठं सोलो गाणं, मासमधला (चर्चच्या मुख्य प्रार्थनेसाठीच्या संगीतातला) एक भाग, चौथा पियानो कॉन्चेर्टो, मग मध्यंतर, मग पाचवी सिम्फनी, मासमधला आणखी एक भाग, मग बीथोव्हन एकटा पियानोवर, आणि शेवटी पियानो, कोरस, ऑर्केस्ट्रा सगळ्यांना एकत्र आणायचं म्हणून घाईघाईत लिहिलेली कोरल फँटसी. साडेसहा ते साडेदहा, चार तास, कडाक्याच्या थंडीत, थिएटर गरम केलेलं नाही. प्रिन्स लोबकोवित्झच्या बॉक्समध्ये बसलेल्या रायखार्ट नावाच्या संगीतकाराने नंतर जे लिहिलं त्याचा अर्थ आपल्या भाषेत एवढाच की अति तिथे माती, चांगलं असलं तरी. कोरल फँटसीत तर सगळं कोसळलंच. एक भाग रिपीट करायचा नाही असं बीथोव्हननेच रिहर्सलला सांगितलं होतं आणि ऐनवेळी तोच विसरला, तो रिपीट करतोय आणि ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेलेला. त्याने ओरडून थांबवलं आणि पुन्हा सुरू करायला लावलं. वादकांना अपमान वाटला, साहजिक आहे.

कान एव्हाना बरेच बिघडले होते, आणि लोकांसमोर ऑर्केस्ट्राबरोबर पियानो कॉन्चेर्टो वाजवायची त्याची ही शेवटची वेळ ठरली. आज आपण पाचवीचे ते पहिले चार स्वर ऐकतो तेव्हा भव्य हॉल डोळ्यांसमोर येतो, पण ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकले ते लोक तोपर्यंत दोन-अडीच तास कुडकुडत बसलेले होते आणि समोरच्या वादकांची रिहर्सलही धड झालेली नव्हती. त्यातूनही ती रचना टिकली, याचं मला दरवर्षी नव्याने कौतुक वाटतं.

लाइप्झिगला चित्र वेगळं, कारण तिथे थिएटरचा प्रश्न नव्हता, चर्चचाच होता. अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार झाला की नाताळपर्यंत तिथल्या मुख्य चर्चमध्ये ऑर्केस्ट्रासकटचं संगीत बंद. बाखला दर रविवारी कँटाटा, म्हणजे प्रार्थनेत गायची गायक-वादकांची रचना, उभा करायची नोकरी, त्यात हे तीनेक आठवडे तेवढे हाताला मिळायचे, आणि त्यानंतर नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत एकामागून एक सण, सगळ्यांना संगीत हवं. १७३४ च्या डिसेंबरात त्याने या सणांसाठी सहा भागांची एकच मोठी रचना केली. २५, २६, २७ डिसेंबर, मग १, २ आणि ६ जानेवारी १७३५, प्रत्येक दिवशी एक भाग, निकोलाय आणि थोमास या दोन चर्चमध्ये. म्हणजे आज आपण एका बैठकीत अडीच-तीन तास जे ऐकतो ते मूळ श्रोत्यांनी जवळपास दोन आठवड्यांत, सुट्टीच्या दिवसांत विभागून ऐकलेलं.

यातला पहिला कोरस मुद्दाम ऐका. सुरुवात होते ती नुसत्या टिंपनीच्या, म्हणजे नगाऱ्यांच्या, ठोक्यांनी, बाकी ऑर्केस्ट्रा गप्प. चर्चच्या संगीताला अशी सुरुवात? कारण हे संगीत आधी दुसऱ्याच शब्दांसाठी लिहिलेलं आहे. ८ डिसेंबर १७३३ ला सॅक्सनीच्या राणीच्या वाढदिवसासाठी बाखने एक कँटाटा केला होता आणि त्याचे पहिले शब्दच असे की नगाऱ्यांनो वाजा, कर्ण्यांनो वाजा. म्हणून आधी नगारे. वर्षभराने शब्द बदलले, नगारे तसेच राहिले. वाढदिवसाचं संगीत एकदा वाजलं की संपलं, नाताळ दरवर्षी येतो, तेव्हा चांगलं काम वाया जाऊ नये हा सरळ विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. बाखनंतर मात्र हे अख्खं काम पुन्हा उभं राहायला १८५७ चा डिसेंबर उजाडला, बर्लिनच्या झिंगआकाडेमी या गायनसंस्थेत.

इटलीत याच पंचांगाची दुसरी बाजू दिसते. तिथे नाताळ संपला की २६ डिसेंबर, सेंट स्टीफनचा दिवस, आणि त्या रात्री कार्निव्हल सीझनचा पडदा वर जायचा, तो लेंट लागेपर्यंत. वर्षातला सगळ्यात मोठा, सगळ्यात कमाईचा सीझन हा, म्हणून नवा ऑपेरा २६ ला लागणं म्हणजे मोठा मान आणि मोठं टेन्शन. २६ डिसेंबर १७७० ला मिलानमध्ये मित्रिदाते लागला, संगीतकार मोझार्ट, वय १४. मुख्य टेनरने आपलं एंट्रीचं गाणं मनासारखं होईपर्यंत त्या पोराकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतलं होतं आणि तरीही ऑपेरा चांगला चालला. याच्या बरोबर नऊ दिवस आधी तिकडे बॉनमध्ये बीथोव्हनचा बाप्तिस्मा झाला होता. एकाच डिसेंबरातल्या या दोन गोष्टी मी जेव्हा जोडून बघितल्या तेव्हा फार भारी वाटलं होतं.

दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराची आना बोलेना २६ डिसेंबर १८३० ची, लुक्रेझिया बोर्जा २६ डिसेंबर १८३३ ची, आणि मधल्या वर्षातली, १८३१ ची, बेल्लिनीची नॉर्मा. नॉर्मा पहिल्या रात्री पडली. तारीख हलवता येत नसल्यामुळे त्याच दिवशीसुद्धा दुसऱ्या अंकाची रिहर्सल चालू होती आणि रात्रीपर्यंत गायक दमून गेले, बेल्लिनीने मित्राला पत्रात आपटलो म्हणूनच कळवलं. पुढच्या प्रयोगांत चित्र बदललं. मिलानच्या ला स्काला या ऑपेरा हाऊसने १९५१ पासून सीझनची सुरुवात ७ डिसेंबरला आणली, शहराचे संत अम्ब्रोझ यांच्या दिवशी, आणि त्या पहिल्या ७ डिसेंबरला मारिया कॅलास गायली. आजही तीच तारीख आहे.

आयदाचं मात्र नाताळशी काही देणंघेणं नाही. ती १८७१ च्या सुरुवातीलाच कैरोत व्हायची होती, पण सेट आणि कपडे पॅरिसमध्ये बनले होते आणि पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडला. सामान अडकलं, प्रयोग लांबत लांबत २४ डिसेंबरला आला. सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी आयदा लिहिली असं अजूनही सर्रास सांगतात, पण कालवा १८६९ लाच खुला झाला होता.

नटक्रॅकरची गोष्टच नाताळच्या रात्रीची, पण सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालं तेव्हा फारसं गाजलं नाही. चायकोव्हस्कीने १८९१ मध्ये पॅरिसला सेलेस्टा हे नवं वाद्य ऐकलं आणि ते रशियात गुपचूप मागवलं, दुसऱ्या कुणी संगीतकाराने आधी वापरू नये म्हणून. शुगर प्लम फेअरीच्या नाचात जो काचेसारखा किणकिणता आवाज येतो तो त्याचाच. पहिल्या प्रयोगाच्या पुढच्याच वर्षी, १८९३ ला, चायकोव्हस्की वारला. दर डिसेंबरला नटक्रॅकर बघायची पद्धत अमेरिकेत रुजली, सॅन फ्रान्सिस्को बॅलेने १९४४ च्या २४ डिसेंबरला ते संपूर्ण केलं आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कला नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनने केल्यावर तर ते घरोघरचं झालं.

विसाव्या शतकात थिएटरबंदीचे नियम मागे पडले आणि तारखा ठरवायला दुसरी कारणं आली, मुख्य म्हणजे युद्ध. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१८ च्या ३१ डिसेंबरला लाइप्झिगमध्ये कंडक्टर आर्थर निकिशने बीथोव्हनची नववी सिम्फनी रात्री ११ ला सुरू केली, हिशोब असा की शेवटचा कोरसचा भाग नव्या वर्षात पाऊल टाकताना यावा. त्याच्या आठवडाभर आधी, २४ डिसेंबरला, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाइन लेसन्स अँड कॅरल्सची, म्हणजे बायबलमधली नऊ वाचनं आणि नाताळची गाणी अशी, पहिली प्रार्थना झाली होती, ती सुरू करणारे मिलनर-व्हाइट स्वतः युद्धावर पाद्री म्हणून जाऊन आलेले. नववीचा प्रीमियर खरं म्हणजे ७ मे १८२४ चा, उन्हाळ्याच्या तोंडावरचा, पण आता ती वर्षअखेरीची झालीये. जपानमध्ये डिसेंबरभर ती चालते, ओसाकाला १९८३ पासून दहा हजार लोक एकत्र गातात. बर्लिनची भिंत पडल्यावर २५ डिसेंबर १९८९ ला अमेरिकन कंडक्टर बर्नस्टाइनने पूर्व बर्लिनमध्ये ती केली, जर्मन, अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, सोव्हिएत वादक एकत्र बसवून, आणि आनंद या शब्दाच्या जागी स्वातंत्र्य गाऊन घेतलं. नववीच्या त्या शेवटच्या कोरसच्या धुनेची चाहूल कुठे लागते माहितीये? १८०८ च्या त्या कोसळलेल्या कोरल फँटसीत.

व्हिएन्नाचा न्यू इयर कॉन्सर्टही युद्धातलाच. पहिला झाला ३१ डिसेंबर १९३९ ला, क्लेमेन्स क्राउसच्या हाताखाली, नाझी राजवटीत, आणि पैसे गेले राजवटीच्या युद्धकाळातल्या विंटर फंडाला. १ जानेवारी ही तारीख १९४१ पासून. तो करणाऱ्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने हा इतिहास खूप वर्षं झाकूनच ठेवला, २०१३ मध्ये इतिहासकारांकडून तपासून घेऊन स्वतः जाहीर केला, त्यात युद्धकाळात जवळपास निम्मे वादक नाझी पक्षाचे सदस्य होते हेही आलं. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता या कॉन्सर्टला कंडक्टर म्हणून पाच वेळा उभे राहिले, १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. तिकडे सकाळी सव्वाअकराला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारीच्या दुपारी पावणेचारला.